बारा तासांच्या देशात शेवंती

झाडाला घड्याळ नसतं आणि तरी ते वक्तशीर असतं. माणसाला घड्याळ असतं, पण ते असो. जगातली निम्मी शेती आणि पद्माकर रिसबूड याच्यावर आलेला प्रसंग, दोन्ही या एका सत्यावर उभे आहेत.

काही झाडं अशी असतात, की ती दिवस लहान होण्याची वाट बघतात. उन्हाळाभर नुसती पानं काढत बसतात. मग दिवस आखडायला लागतो, रात्र वाढायला लागते आणि झाडाच्या लक्षात येतं, की आता फार वेळ उरलेला नाही, फुलून घेतलेलं बरं. (माणसांतही हे दिसतं. त्याला आपण निवृत्तीचं नियोजन म्हणतो.) आता असं झाड सिंगापुरात नेऊन ठेवलं तर? तिथे विषुववृत्त इतकं जवळ आहे, की दिवस बारमाही बारा तासांचाच असतो. सकाळी सातच्या सुमारास उजाडतं, संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतं, आणि याला जानेवारी-जून असा काही अपवाद नाही. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, हेही सरकारनेच ठरवून दिलं असावं. (तसं नाही. पद्माकरने वेबसाइट बघून खात्री करून घेतली होती.)

पद्माकर तांजोंग पगारमधल्या एका बँकेत कम्प्लायन्स खात्यात होता. कम्प्लायन्स म्हणजे काय, हे त्याने पुण्यातल्या नातेवाइकांना बरीच वर्षं समजावून पाहिलं आणि शेवटी 'बँकेत आहे' यावर तडजोड केली. बँकेतले लोक जे करतात ते करायची त्यांना परवानगी होती का, हे त्यांनी ते करून झाल्यावर तपासायचं, असं त्या कामाचं ढोबळ स्वरूप होतं. या खात्यात पद्माकरने स्वतःचं एक तत्त्व शोधून काढलं होतं आणि ते प्रशिक्षणाच्या स्लाइडवरही गेलं होतं. तत्त्व असं: ज्या गोष्टीची गरज नाही तिची माणूस बारकाईने माहिती घेत असेल, तर त्याला ती गरज आहे, फक्त त्याने ती आपल्याला सांगितलेली नाही. या तत्त्वाच्या आधारे आजवर दोघांना घरी पाठवण्यात आलं होतं आणि एकाला बढती मिळाली होती. (नावांची अदलाबदल झाली होती. ती नंतर नियमित करून घेण्यात आली.)

एवढा नियमात बसणारा माणूस सिंगापुरात अकरा वर्षं राहून पाहुणाच होता. एम्प्लॉयमेंट पासवर आलेला माणूस म्हणजे नोकरी असेपर्यंतचा पाहुणा. पीआर मिळाला, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, की तो घरचा होतो. पद्माकरने पीआरसाठी दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा नकार आला होता. नकाराचं कारण देत नाहीत, आणि यात फार मोठा विचार आहे. कारण दिलं असतं, तर माणसाने तेवढं एक सुधारलं असतं आणि बाकीचा तसाच राहिला असता. कारण न दिल्यामुळे तो सर्वांगाने सुधारत राहतो. पहिल्या नकारानंतर पद्माकर लिफ्टमध्ये लोकांना आधी जाऊ द्यायला लागला. दुसऱ्या नकारानंतर तो रस्ता रिकामा असतानाही सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट बघायला लागला.

२०१४ साली त्याच्या साहेबीणबाई मिस लिम यांनी त्याला बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षी पास वाढवून मिळेलच असं धरून चालू नये, बँकेने जरा स्थानिक माणसं घ्यावीत असं वातावरण आहे. पद्माकरने घरी येऊन हे मेधाला सांगितलं. ते गार्गीने ऐकलं. गार्गी तीन वर्षांची असताना इथे आली होती आणि आता चौदाची होती. पुणे म्हणजे तिच्या लेखी आजोबांना भेटायला जायची एक डासांची जागा. ती एवढंच म्हणाली, "यू ऑल गो लह. आय स्टे." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पद्माकरने ते दार वाजवायला हात उचलला आणि न वाजवताच खाली घेतला. हे विनोदाने सांगता येत नाही, म्हणून तसंच सांगितलं.

सल्ला घ्यायला तो सारंगकडे गेला. सारंग ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहायचा आणि महाराष्ट्र मंडळात पीआरचा तज्ज्ञ मानला जायचा. त्याला स्वतःला पहिल्याच अर्जात पीआर मिळाला होता, म्हणजे या विषयाचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. त्यामुळे त्याचं बोलणं आत्मविश्वासाचं असे. समुद्राकाठच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे सरकारमान्य खाऊगल्लीत, साते खाता खाता त्याने आपली आकडेवारी मांडली. रक्तदान करणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांना पीआर मिळाला. ड्युरियनसारखं उग्र वासाचं फळ खाऊन दाखवणाऱ्यांपैकी निम्म्यांना मिळाला. (उरलेल्या निम्म्यांनी पुन्हा प्रयत्न करायला नकार दिला.) आणि लायन डान्स शिकलेल्यांना शंभर टक्के. हा शंभर टक्के कोथरूडचा होता आणि हल्ली त्याची कंबर धरली होती.

"पद्या, तुझ्याकडे सगळं आहे," सारंग म्हणाला. "डिग्री आहे, पगार आहे, पोरगी इथल्या शाळेत आहे. इंटिग्रेशन नाहीये. शेजाऱ्यापाजाऱ्यांत काहीतरी कर, त्याचा फोटो काढ आणि तिसऱ्या अर्जाला जोड."

"कसला फोटो?"

"कसलाही. हसताना."

त्याच आठवड्यात चोआ चू कांगमधल्या पद्माकरच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी सूचना लागली. रहिवासी समितीने कॉरिडॉर-बाग स्पर्धा जाहीर केली होती. प्रत्येक स्पर्धकाने आपल्या संस्कृतीतलं एक फुलझाड दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये वाढवायचं होतं, त्यातून वंशावंशांत सलोखा वाढणार होता आणि नोव्हेंबरात परीक्षक येऊन तो मोजणार होते. समितीचे अध्यक्ष मिस्टर टिओ यांनी पद्माकरचं नाव आनंदाने लिहून घेतलं. "मिस्टर रिसबूड, युअर कल्चर मस्ट फ्लॉवर बाय नोव्हेंबर, हां," ते म्हणाले. "ऑर्किड ऑलरेडी टेकन."

घरी बैठक झाली. मेधाने तुळस सुचवली. पण तुळशीची मंजिरी पाहून परीक्षकाला गहिवरून येईल असं पद्माकरला वाटेना. मोगरा अनेकांचा होता. शेवटी शेवंती ठरली. मेधाच्या लग्नातल्या फोटोत तिच्या वेणीवर एवढी शेवंती होती, की पाठीमागून आधी फुलं यायची आणि मग ती. नर्सरीतून दोन कुंड्या आणल्या, त्यांच्या छाटण्या लावल्या, छाटण्या जगल्या आणि ऑगस्टपर्यंत दारासमोर सात कुंड्यांत कमरेएवढं हिरवंगार रान माजलं. ये-जा करणारे थांबून बघायचे. फक्त त्यात एकही कळी नव्हती.

पद्माकरने पुस्तकं पाहिली. पुस्तकांत लिहिलं होतं, दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरते. इथे दिवस लहान होत नव्हते आणि ते करून द्यावेत असा अर्ज कुठे करायचा, ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. मग त्याने इंटरनेटवर शोध घ्यायचं ठरवलं. घरच्या संगणकावरच्या वाचनाची कुठे नोंद राहत नाही, हे त्याला बरं वाटेना. म्हणून हा सगळा शोध त्याने जेवणाच्या सुट्टीत, बँकेच्या संगणकावर, स्वतःच्या लॉगिनने घेतला.

शोधता शोधता त्याला बागकाम करणाऱ्यांचा एक मंच सापडला, आणि पद्माकर अवाक झाला. इतका शिस्तीचा समाज त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मंडळी जगभरची होती, बरीचशी थंड देशांतली. झाडं उघड्यावर लावायची तर कोणत्या अक्षांशावर सूर्य कधी वळतो, जूननंतर रात्र कशी वाढत जाते, झाडाला ते कधी उमगतं, कळी कधी धरते आणि पहिलं दव गोठायच्या आत काढणी कशी उरकायची, याचे तक्ते त्यांनी करून ठेवले होते. कुणी चुकलं तर दुसरा त्याला हळुवारपणे समजावत होता. कुणी कुणाची जात, पगार किंवा कॉन्डोचा मजला विचारत नव्हतं. झाडाचं नाव मात्र कुणीच घेत नसे. 'ती' म्हणत, किंवा 'माझ्या मुली'. पद्माकरला यात एक घरंदाज अदब दिसली. सभासदांची नावं तेवढी जरा विचित्र होती. सगळ्यांत ज्येष्ठ होता तो 'ढगातला डॅनी'. तो डोंगराळ भागात राहत असावा, असा पद्माकरने अंदाज बांधला.

टोपणनाव घेणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने संपूर्ण नाव, गाव आणि ब्लॉक क्रमांक देऊन नोंदणी केली आणि प्रश्न टाकला: 'महोदय, मी सिंगापुरात राहतो. माझ्या सात मुली दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये असून कमरेएवढ्या झाल्या आहेत. अद्याप फुलण्याचं चिन्ह नाही. कृपया मार्गदर्शन व्हावे.'

मग डॅनीने विचारलं, 'सिंगापूर म्हणजे सिंगापूरच ना?' पद्माकरने होकार दिला. 'कॉरिडॉरमध्ये? उघड्यावर?' पद्माकरने लिहिलं, की होय, सार्वजनिक कॉरिडॉर आहे, येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात आणि रहिवासी समितीचे अध्यक्ष दर रविवारी येऊन प्रगती बघून जातात. नोव्हेंबरात स्पर्धा आहे.

त्यानंतर जे झालं त्याने पद्माकरचे डोळे पाणावले. कॅनडातून, स्पेनमधून, कुठल्या कुठल्या बेटांवरून माणसं त्याला लिहू लागली. 'तुझ्यासारखा शूर माणूस पाहिला नाही.' 'भावा, आम्ही तुझ्यासाठी मेणबत्ती लावली आहे.' 'तुझ्या घरच्यांना याची कल्पना आहे का?' त्याने उत्तर दिलं, की पत्नीचा संपूर्ण पाठिंबा आहे आणि मुलगी सुट्टीच्या दिवशी पाणी घालते. पुण्यात त्याने कितीतरी वर्षं सोसायटीची बाग सांभाळली होती. तिथे त्याला मेणबत्ती सोडाच, झारीसुद्धा कुणी दिली नव्हती.

मार्गदर्शनही डॅनीनेच केलं. त्याने विचारलं, रात्री कॉरिडॉरमध्ये दिवा असतो का? असतो. समितीच्या ब्लॉकमध्ये अंधार पडायची पद्धतच नाही. सूर्य मावळला की कॉरिडॉरचे दिवे लागतात आणि उजाडल्यावर विझतात. डॅनी म्हणाला, मग दोष सूर्याचा नाही, दिव्याचा आहे. झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. तुझ्या मुलींनी आजवर रात्रच पाहिलेली नाही. त्यांना वाटतंय, आपल्यापुढे अजून पुष्कळ वेळ आहे.

पद्माकरने त्याच संध्याकाळी जाड काळं कापड आणलं. कॉरिडॉरचे दिवे लागले की ते कुंड्यांवर टाकायचं, विझले की काढायचं. सिंगापुरात पाणी बाहेरून येतं, भाजी बाहेरून येते, वाळूसुद्धा बाहेरून येते. रात्र मात्र पद्माकरने घरच्या घरी तयार केली.

शेजारच्या मिसेस को हे रोज बघत होत्या. त्या सत्तरीच्या होत्या, विधवा होत्या आणि स्पर्धेतला ऑर्किड त्यांचाच होता. (तो प्लास्टिकचा होता. नियमात जिवंत असा शब्द नव्हता.) "युअर प्लान्ट ऑल्सो स्लीप अर्ली, हां?" त्या म्हणाल्या. "व्हॉट प्लान्ट अह, धिस वन?" स्पर्धकाला माहिती देणं योग्य नाही, म्हणून पद्माकर गोड हसला आणि म्हणाला, "सीक्रेट, आंटी." त्याने इकडेतिकडे बघून कापडाची कडा नीट खोचली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी गार्गीने बसची वेळ बघायला बाबाचा फोन घेतला. त्यावर नुकताच एक संदेश येऊन पडला होता. तिने तो वाचला, त्याच्या वरचे वाचले आणि सोफ्यावर उभी राहिली.

"बाबा! धिस वन इज वीड लेह!"

"काय?"

"गांजा, बाबा! द होल फोरम इज गांजा! धे थिंक यू आर ग्रोइंग इट इन द कॉरिडॉर! धे कॉल यू लेजंड!"

पद्माकरचं तोंडचं पाणी पळालं. सिंगापुरात विमानातून उतरताना एक पांढरं कार्ड भरायचं असतं. त्यावर अमली पदार्थांबद्दल मृत्युदंडाची एकच ओळ असते, लाल अक्षरांत, आणि ती भविष्यकाळाविषयी फारशी आशा ठेवत नाही. पद्माकरने ते कार्ड एकूण सत्तावीस वेळा भरलं होतं आणि प्रत्येक वेळी ती ओळ वाचून मनोमन मान डोलावली होती.

पुढच्या तासाभरात त्याने परिस्थितीचा पद्धतशीर आढावा घेतला. झाडं उपटून टाकली, तर तो पुरावा नष्ट करणं. ठेवली, तर तो पुरावा जतन करणं. कापड टाकायचं थांबवलं, तर शेवंती फुलणार नाही, आणि फुलल्याशिवाय ती शेवंती आहे हे सिद्ध कसं करणार? मंचावर खुलासा करावा, तर अशा मंचावर पुन्हा गेल्याची नोंद होणार. काहीच केलं नाही, तर त्याच्याच तत्त्वानुसार तो आत्तापर्यंत निम्मा दोषी होता. आणि तिसरा अर्ज गेल्याच आठवड्यात भरलेला; फोटो मागाहून जोडायचा म्हणून फक्त तेवढी जागा मोकळी.

"अरे, मग शेवंतीच आहे ना ती?" मेधा म्हणाली. "फुलं येऊ देत. फूल आलं की कुणालाही कळेल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जेव."

पद्माकर जेवला नाही. सोमवारी त्याने नियमाप्रमाणे स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. 'संबंधित कर्मचाऱ्याने गरज नसताना एका निषिद्ध वनस्पतीच्या फुलण्याच्या वेळापत्रकाची बारकाईने माहिती घेतली असून त्याचा खुलासा समाधानकारक वाटत नाही,' असा निष्कर्ष काढून त्याने तो मिस लिमकडे पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: 'नोटेड.' त्याने संगणक विभागाकडे स्वतःच्या वाचनाची नोंद मागितली. त्यांच्या यंत्रणेने तो मंच 'बागकाम आणि मनःस्वास्थ्य' या सदरात टाकलेला होता आणि त्या महिन्यात सर्वाधिक वाचनाबद्दल पद्माकरला बँकेच्या आरोग्य मोहिमेत एक पाण्याची बाटली मिळालेली होती. ती टेबलावर होतीच. तो गेले तीन आठवडे तिच्यातून पाणी पीत होता.

स्पर्धेपर्यंतचे दिवस त्याने कसे काढले, ते त्याचं त्याला ठाऊक. कापड टाकायचं आणि काढायचं काम त्याने मेधाकडे सोपवलं. चौकशी चालू असलेल्या वस्तूकडे संबंधित माणसाने बघू नये म्हणून तो दारातून जाताना मान वळवून जायचा. मेधा काही सांगायला गेली, तर "साक्षीदाराने बोलू नये" म्हणून कानांवर हात ठेवायचा. गार्गी मात्र बदलली. आपल्या बाबाला जगातले शेकडो लोक लेजंड म्हणतात, ही गोष्ट तिला पेलत नव्हती. ती जेवताना त्याच्याकडे टक लावून बघायची आणि एकदा तर तिने त्याला स्वतःहून वाढलं.

परीक्षक आले ते उशिरा. दिवे लागले होते आणि नियमाप्रमाणे मेधाने कापड टाकलं होतं. पुढे मिस्टर टिओ, मागे समितीची माणसं आणि त्यांच्यासोबत प्रथेप्रमाणे पाहुणे म्हणून वस्तीतले पोलीस अधिकारी सार्जंट फैझल. ते सायकलचोरीपासून सावध राहण्याची पत्रकं वाटायला आले होते. गणवेश दिसताक्षणी पद्माकर आत गेला आणि एक जाडजूड फाइल घेऊन बाहेर आला. तिला रंगीत खुणा लावलेल्या होत्या.

"ऑफिसर, आय विश टू रिपोर्ट."

"यस सर. रिपोर्ट हू?"

"मायसेल्फ."

पद्माकरने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मंच, डॅनी, मुली, मेणबत्त्या, पाण्याची बाटली. सार्जंट फैझल यांनी वही उघडली, पेन काढलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "सर, यू ग्रो ऑर नॉट?"

"नो!"

"धेन आय राइट व्हॉट?"

या प्रश्नाला कम्प्लायन्सच्या कुठल्याही स्लाइडवर उत्तर नव्हतं. पद्माकरने कापडाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटले. मेधाने कापड ओढलं.

मग पद्माकरने एक डोळा उघडला. सातही कुंड्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. पान दिसत नव्हतं, इतकी फुलं होती, आणि कॉरिडॉरच्या त्या दिव्याखाली ती अशी दिसत होती, की पद्माकरला मेधाच्या लग्नातली वेणी आठवली आणि त्याला खरोखर रडू आलं.

"सर," सार्जंट हळूच म्हणाले, "धिस वन क्रिसॅन्थेमम, राइट?"

"अय्यो!" महिनाभर गावाला जाऊन आजच परतलेल्या मिसेस को मागे सरकल्या. "धिस वन फॉर डेड पीपल! वी पुट ॲट द ग्रेव्ह!" चोआ चू कांगची दफनभूमी बसने जाण्याच्या अंतरावर आहे आणि शेजाऱ्याने इतके महिने दारासमोर तिची तयारी चालवली होती, याचा त्यांना चांगलाच धक्का बसला. मग त्या जवळ आल्या आणि एका फुलाला बोट लावलं. "एप्रिल आय गो सी माय हजबंड," त्या म्हणाल्या. "यू गिव्ह मी सम, कॅन? शॉप वन नॉट सो नाइस."

"कॅन, आंटी," पद्माकर म्हणाला. अकरा वर्षांत शेजाऱ्याने काही मागण्याची आणि त्याने ते देण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिलं बक्षीस मिसेस कोंच्या ऑर्किडला मिळालं. त्यात डासांची पैदास होण्याची शक्यता शून्य आहे, याची परीक्षकांनी खास नोंद घेतली. दुसरं शेवंतीला. फोटो काढला गेला: मध्ये शेवंती, एका बाजूला सार्जंट फैझल, दुसऱ्या बाजूला पद्माकर, हसताना. फोटो अर्जाला जोडला गेला आणि पुढच्या वर्षी पास संपायच्या आत पीआर मिळाला. कारण अर्थातच दिलेलं नव्हतं. गार्गीने बातमी ऐकली, "ओके लह," म्हणाली आणि खोलीत गेली. पण दार लावलं नाही.

सारंगने कारण ताबडतोब शोधून काढलं. "पोलीस!" तो म्हणाला. "पद्याने पोलिसासोबत फोटो दिला. आपण इतकी वर्षं रक्त देत बसलो." मंडळाच्या पुढच्या पाहणीनुसार शेवंती लावणाऱ्यांना पीआर मिळण्याचं प्रमाण शंभर टक्के निघालं. तेव्हापासून ईस्ट कोस्टच्या कॉन्डोंपासून चोआ चू कांगपर्यंत, संध्याकाळचे दिवे लागले की मराठी घरांच्या बाल्कन्यांमध्ये काळी कापडं पडतात. ज्यांच्या बाल्कनीत रात्रभर दिवा नसतो तेही टाकतात. विचारलं तर सांगतात, मुलीची झोपेची वेळ झाली. सारंगला गरज नव्हती, पण नेतृत्व म्हणून त्यानेही टाकलं आहे; त्याच्या कापडाखाली कढीपत्ता आहे.

पद्माकरने मंचावर शेवटचं एक निवेदन दिलं, कारण अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नाही: 'सर्व सभासदांस कळवण्यास आनंद होतो की मुली फुलल्या. पोलीस समक्ष येऊन पाहून गेले. दुसरं बक्षीस दिलं. त्यांच्यासोबतचा फोटो सरकारला पाठवला असून सरकारने मला कायम राहण्याची परवानगी दिली आहे.' यावर आजतागायत उत्तर आलेलं नाही. फक्त ढगातल्या डॅनीने मंच सोडला आणि तो हल्ली टोमॅटो लावतो, असं कळतं.

पद्माकरचं तत्त्व अजून स्लाइडवर आहे. ते काढायचं कारण नाही. त्याच्या मते स्वतःच्याच प्रकरणात ते खरं ठरलं. त्याला गरज होतीच, फक्त ती झाडाची नव्हती. उलट हल्ली तो ते तत्त्व अधिक काटेकोरपणे लावतो, आणि ही हकिकत छापायला त्याने परवानगी दिली ती एका अटीवर. अट वाचकांसाठी आहे. तुमच्या दारात शेवंती नाही, समितीची स्पर्धा नाही, पीआरचा अर्जही बहुधा नाही; तरीसुद्धा दिवे लागले की कापड टाकायचं आणि विझले की काढायचं, हे तुम्हाला आता पाठ झालेलं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही सहज वाचत होतो, गंमत म्हणून. सगळे असंच म्हणतात. तेव्हा हे कशासाठी वाचलंत, याचा खुलासा प्रत्येकाने दोन ओळींत लिहून द्यायचा आहे, आणि शेवंतीचं संपून गांजाचं कधी येतंय याची ज्यांनी मघाशी वाट पाहिली त्यांनी तीन.